हे झाड कोणतं? निनावी झाडांचे अनुभव

परसबाग
काल गंगापूर रोडला नर्सरीत खत आणायला गेले होते. कोपऱ्यात एक कुंडी, पान नाही की काडी नाही, आणि मातीतूनच थेट उमललेली पांढरी-जांभळी फुलं. वास आला आणि मी पंचवटीतल्या वाड्याच्या परसात पोचले! तिथे वृंदावनामागे एक मोकळा तुकडा होता, आजी कुणाला पाय ठेवू द्यायची नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी तिथे ही फुलं असायची, दुसऱ्या दिवशी मलूल. "आजी, हे काय गं?" तर "येतं आपलं ते." पाऊस झाला की मोठाली पानं यायची, मागून जांभळट. तोवर फुलं संपलेली, त्यामुळे दोन्ही एकाच कंदाची हे आम्हा पोरांच्या गावीही नव्हतं. नर्सरीवाल्या दादांनी नाव सांगितलं, भुईचाफा. तुमच्याकडे असं नाव-गाव नसलेलं काय होतं? कळलं कसं? लिहा.

गोदाकाठ
कोणता वाडा? काळारामाकडे की कपालेश्वराकडे?

परसबाग
कपालेश्वराच्या बाजूला. शेजारी पिठाची गिरणी होती.

गोदाकाठ
अरे देवा, गिरणीसमोरची गुलबक्षी! संध्याकाळी फुलायची. तिच्या काळ्या बिया आमच्या भातुकलीत मिरे असायच्या. धाग्याशी संबंध नाही, पण राहवलं नाही.

निफाडकर
मेव्हण्यांनी इंदिरानगरला बंगल्यावर हौसेने द्राक्षवेल लावला. वेल गच्चीवर पोचला, घड एक नाही. "ही कोणती व्हरायटी?" म्हणून फोटो पाठवला. शेंड्याची पांढरी लव बघूनच हसू आलं. वरचं थॉमसनचं कलम कधीच मेलेलं, खालचा डॉगरिजचा खुंट फोफावला होता. डॉगरिज आम्ही लावतो मुळांसाठी, पाणी कमी पडलं, जमीन खारवट असली तरी तग धरतो म्हणून. त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरायचं आणि गाठीखालून फुटवा आला की लगेच काढायचा. त्यांनी नेमका तोच जपला. अजून म्हणतात, यंदा धरेल.

सिडकोची_सई
😂😂 मेव्हण्यांना धागा दाखवू नका

कुंडीभर
आमच्या ऑफिसात जाड चकचकीत पानांचं झाड होतं. सगळे प्लॅस्टिकचं समजायचे, मावशी फडक्याने पुसायच्या. मग एक दिवस नवा कोंब! ते झीझी. पूर्व आफ्रिकेतलं. मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यात पाणी साठवतं. खरं आहे कळल्यावर जो तो बाटलीतलं उरलेलं पाणी ओतायला लागला, आणि सडलं बिचारं.

सातपूर_लोकल
शेजारचे काका शेवंती म्हणून एक रोप जपत होते. गांडूळखत वगैरे. फुलं आली बारीक पांढरी. गाजरगवत!! कोवळेपणी पान फसवंच असतं म्हणा. भारतात त्याची पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली.

गोदाकाठ
पुण्याहूनच येणार 😌

सिडकोची_सई
पुणेकर येतील हं आता.

आरतीचं_ताट
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. लेकीने दीड वर्षाची असताना हॉलमधल्या 'शोच्या झाडाचं' पान चावलं. तोंडाची आग, लाळ थांबेना. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, झाड कोणतं? आम्हाला ठाऊकच नाही! फोटो काढून नेला तेव्हा कळलं, डायफेनबॅकिया. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. दुसऱ्या दिवशी बरी झाली. तेव्हापासून विनानावाचं झाड घरात नाही. मनीप्लँटमध्येही तेच असतं म्हणे, तो वर टांगलाय.

परसबाग
बापरे. बरं झालं लिहिलंत.

लेन्सवाला
ॲपला नुसतं फूल दाखवलं की ते काहीही ठोकून देतं. पानाची मागची बाजू, पान खोडाला जुळतं ती जागा, असे वेगवेगळे फोटो द्या. पान तोडल्यावर चीक येतो का, खोड चौकोनी आहे का, हेही बघा. चौकोनी असेल तर बऱ्याचदा तुळस-पुदिन्याच्या घरातलं. आणि ॲपच्या भरवशावर काहीही तोंडात घालू नका. कण्हेर सुंदरच दिसते.

कुंडीभर
ब्रह्मकमळ म्हणून आपण ज्याची रात्री जागून आरती करतो ते मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग. पान वाटतं ते खोडच. हिमालयातलं वेगळं. सोसायटीत सांगितलं तर पुढच्या वर्षी मला बोलावलंच नाही, मसाला दूध हुकलं.

जेलरोड_ताई
माझ्या गुलाबाला लांबच लांब काटेरी फांदी आलीय, एका देठाला सात-सात पानं, फूल नाही. निफाडकर भाऊ, हेही तुमच्या मेव्हण्यांसारखंच का?

निफाडकर
ताई, डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून आलीय का बघा. आली असेल तर खुंटाचीच. माती बाजूला करून बुडातून ओढून काढा, कात्री लावली तर परत येते.

जेलरोड_ताई
ओढली. अख्खं रोप हललं हो! आता?

निफाडकर
माती दाबा, पाणी द्या, सावलीत ठेवा. आणि रोज उपटून मुळं बघू नका.