नवी गोल्फ जीटीआय की वापरलेली मस्टँग? सांगलीकडच्यांनी सल्ला द्यावा

तासगावचा बेदाणेवाला
यंदा बेदाण्याला दर बरा मिळाला आणि कॉलेजपासून मनात असलेली गाडी घ्यायचं घरात ठरलं. वडिलांची अट एकच, कर्ज काढायचं नाही. हातात 65 लाख आहेत. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय 2025 ला आली तेव्हा एक्स-शोरूम 53 लाखांच्या आसपास होती. आयात गाडी म्हणून रोड टॅक्स 20 टक्के, त्यात विमा, म्हणजे पैसे तिथंच संपले. दुसरीकडं बंगळुरूत फोर्डची 2018 ची मस्टँग जीटी आहे, पाच लिटरचं व्ही8 इंजिन, मालक 46 लाख म्हणतोय. रोज तासगाव–सांगली, अधूनमधून पुणे. ओढा मस्टँगकडंच आहे. काय करावं?

कुपवाडचा गॅरेजवाला
भावा, जुनी घ्यायला माझी ना नाही. पण 46 लाखांत ती तुझ्या दारात येत नाही. केए पासिंग, म्हणजे कर्नाटकात नोंदलेली गाडी, तर तिथली एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं. वयाप्रमाणं कमी होतो, पण दर आयात गाडीचाच. तिकडचा उरलेला टॅक्स परत मागता येतो, तो हिशोबात धरू नकोस. फोर्डनं 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. मस्टँग तशीही बाहेरूनच यायची, त्यामुळं हेडलाइट फुटला तर पार्ट येईपर्यंत गाडी शेडमध्येच.

आता मुद्द्याचं. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, तुला माहीतच आहे. त्यानंतर पुरातल्या गाड्या धुऊन, पॉलिश मारून कुठं कुठं विकल्या गेल्या ते आम्ही बघितलंय. बंगळुरूतही सप्टेंबर 2022 मध्ये महागड्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. म्हणून गाडी बघायला गेलास की आधी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढ. वरचा पट्टा सगळे धुतात, रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्याला कुणी हात लावत नाही. तिथं गढूळ पाण्याची रेघ दिसली तर सौदा तिथंच सोड. मग कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघ, सीटच्या रुळाचे बोल्ट बघ. गाडी चकाचक आणि बोल्ट गंजलेले, म्हणजे काय ते समजून जा. पाणी लागलेलं इंजिन एक वेळ खोलून नीट करता येतं. वायरिंगचं तसं नाही. आज सेन्सर जाईल, चार महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागेल, आणि दोष सापडता सापडत नाही.

टायरवरचे शेवटचे चार आकडे पण वाच. 1218 म्हणजे 2018 चा बारावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असू दे, इतके जुने टायर त्या ताकदीच्या गाडीला ठेवायचे नाहीत.

यवतेश्वर घाट, सातारा
दादा, गाडी रोज चालवणार असाल तर माझं मत वेगळं आहे. माझ्याकडं स्कोडाची वापरलेली ऑक्टाव्हिया आरएस आहे, पहिल्या मालकाकडून, सर्व्हिसचा सगळा इतिहास बघून घेतलेली. भर पावसात कासला जाते, निर्धास्त. मस्टँगची ताकद मागच्या चाकांना जाते आणि ती 400 अश्वशक्तीच्या आसपास आहे. ऊस हंगामात तुमच्याकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल असतो, तिथं ती जपून चालवावी लागेल. आणि आई-वडिलांना तिच्या मागच्या सीटवर बसवणार का? 2020 ची आरएस 245 शोधा. भारतात 200 च आल्या होत्या, पण 245 अश्वशक्ती आहे, डिकी मोठी आहे, आणि नव्या जीटीआयपेक्षा बरेच पैसे वाचतात.

कुपवाडचा गॅरेजवाला
ताईंचं पटलं. फक्त डीएसजीचं, म्हणजे तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑइल कधी बदललं त्याचं बिल मागून घे.

तासगावचा बेदाणेवाला
दोघांचेही आभार. बंगळुरूवाल्यानं 2023 पासूनचीच बिलं पाठवली आहेत. त्याआधीची आणि विम्याच्या क्लेमची माहिती मागितली आहे, ती येईपर्यंत टोकन देत नाही. पुण्या-कोल्हापुरात आरएस 245 विकायला असेल तर इथंच कळवा. वडील मागंच बसतात.