नेतृत्व करणाऱ्या स्त्रियांना उद्योजकता शिकवायची, की आधी सहीचा अधिकार द्यायचा?

(पुढील चर्चेत प्रत्येक नोंदीच्या वर ती लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

आडवाट

नेतृत्वाच्या जागी असलेल्या स्त्रियांमध्ये उद्योजकीय दृष्टी रुजावी म्हणून जे कार्यक्रम चालवले जातात, त्यांचा साचा बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. दोन-तीन दिवसांची कार्यशाळा, आत्मविश्वासावर एक सत्र, वाटाघाटींवर एक, जोखीम पत्करण्यावर एक, एखाद्या यशस्वी उद्योजिकेचे मनोगत आणि शेवटी प्रमाणपत्र. स्त्रीमध्ये काहीतरी उणे आहे आणि ते शिकवून भरून काढता येईल, असे या साच्याने गृहीत धरलेले असते. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे. विभागप्रमुख, मुख्याध्यापिका, सहकारी संस्थेची अध्यक्षा या पदांपर्यंत पोचलेल्या बाईने अपुऱ्या साधनांत काम उभे करण्याचे आणि माणसे जोडण्याचे कसब आधीच दाखवलेले असते, एरवी ती तिथवर पोचलीच नसती. तिच्या हाती नसतो तो स्वतःच्या सहीने चार पैसे खर्च करण्याचा अधिकार.

एक उदाहरण जवळून पाहिलेले आहे. एका मोठ्या रुग्णालयात रुग्णाला घरी सोडण्याचा निर्णय सकाळच्या फेरीतच होत असे, पण कागदपत्रे हाती पडेपर्यंत संध्याकाळ होई. परिचारिका विभागाच्या प्रमुख बाईंनी हा उशीर नेमका कुठे होतो ते शोधले. टिपणे वॉर्डातून कार्यालयात जात, तिथे टंकित होत, दुरुस्तीसाठी पुन्हा वॉर्डात येत आणि मगच बिलाचे काम सुरू होई. एकाच वॉर्डात महिनाभर एक लिपिक आणि एक प्रिंटर बसवून पाहावा, एवढेच त्यांचे मागणे होते. खाट दुपारी रिकामी झाली तर रुग्णालयाचे उत्पन्न किती वाढेल, याचा हिशेबही त्यांनी सोबत जोडला होता. प्रस्ताव खरेदी समितीकडे गेला, तिथून संगणक विभागाकडे, तिथून लेखा विभागाकडे, आणि ‘परतावा स्पष्ट करावा’ असा शेरा घेऊन परत आला. दरम्यान व्यवस्थापनाने बाईंना उद्योजकीय विचारसरणीच्या कार्यशाळेला पाठवले आणि तिथे त्यांना लहान प्रयोगांतून शिकण्याचे महत्त्व समजावून सांगण्यात आले!

इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील काही राज्यांत व्यवसायासाठी कर्ज मागणाऱ्या स्त्रीकडून पुरुष नातेवाइकाची सही मागता येत असे, ती मुभा १९८८च्या कायद्याने संपुष्टात आली. त्या स्त्रियांना आत्मविश्वासाचे धडे देऊन हा प्रश्न सुटला नसता, तिथे नियमच बदलावा लागला. म्हणून माझे म्हणणे असे की, या कार्यक्रमांवरचा पैसा प्रथम त्या स्त्रियांच्या हाती स्वेच्छाधीन निधी, म्हणजे स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येणारा पैसा, म्हणून द्यावा, त्यासोबत एका सहकाऱ्याचा वेळ द्यावा, आणि प्रशिक्षण त्यांनी मागितले तरच द्यावे.

दुसरी बाजू

रुग्णालयाचे उदाहरण बोलके आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पुढाकार शिकवता येत नाही, किंवा ज्यांना तो हवा त्यांच्याकडे तो असतोच, हे दोन्ही दावे पुराव्यापुढे टिकत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाची राजधानी लोमे येथे दीड हजार लहान व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका गटाला हिशेब, विपणन, मनुष्यबळ असे नेहमीचे व्यवसाय प्रशिक्षण दिले गेले, दुसऱ्याला पुढाकाराचे मानसशास्त्रीय प्रशिक्षण, तर तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकार शिकलेल्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने झालेली वाढ ११ टक्क्यांची होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तीही ठाम म्हणण्याजोगी नव्हती. केवळ स्त्रियांचा विचार केला तर हे अंतर आणखी रुंदावते: पुढाकाराच्या प्रशिक्षणानंतर ४० टक्के, नेहमीच्या प्रशिक्षणानंतर ५ टक्के.

त्या प्रशिक्षणात प्रेरक भाषणे नव्हती. शेजारच्या दुकानापेक्षा वेगळे काय करता येईल, पुढील अडचण आजच कशी हेरावी, पहिला उपाय फसल्यावर दुसरा कोणता, याचा सराव करून घेतला गेला होता. तेव्हा साचेबद्ध कार्यशाळांवरचा आपला राग योग्य ठिकाणी आहे, पण त्या रागात चांगले प्रशिक्षणही मोडीत काढले जात आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उतरंडीच्या संस्थेत वर चढण्यासाठी लागणारे गुण आणि उद्योजकाला लागणारे गुण पुष्कळदा परस्परविरोधी असतात. चूक न करणे, नियम तोंडपाठ असणे, वरिष्ठांना अनपेक्षित काही ऐकू न देणे, या शिस्तीवर ज्यांनी वीस वर्षे काढली त्यांच्या हाती अचानक स्वेच्छाधीन निधी ठेवला तर काय होते? वर्षअखेरीस तो निधी अखर्चित म्हणून परत जातो, किंवा मार्चमध्ये घाईघाईने खुर्च्या खरेदी होतात. पुरुष अधिकाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते, हे मान्य करूनच लिहीत आहे. मात्र स्त्रीच्या चुकीची चर्चा अधिक काळ चालत असल्याने ही सावधगिरी तिच्या अंगी अधिक मुरलेली असते आणि ती केवळ अधिकारपत्राने उतरत नाही.

जमाखर्च

दोघांच्याही मांडणीत एक दुवा सुटला आहे: पैसा हाती आल्यावर तो कोणाच्या कामी येतो?

श्रीलंकेत लहान व्यावसायिकांना बिनपरतीचे भांडवल देऊन झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात पुरुषांचा नफा वाढला, स्त्रियांचा सरासरीने वाढला नाही. स्त्रियांना भांडवल वापरता येत नाही, असा अर्थ त्यातून काढणे सोपे होते आणि काहींनी तो काढलाही. पुढे २०१९ मध्ये काही संशोधकांनी श्रीलंकेसह भारत आणि घाना येथील आकडेवारी पुन्हा तपासली. घरात स्त्रीचा एकटीचाच व्यवसाय असेल तेव्हा तिला मिळणारा परतावा पुरुषांच्या तोडीचा होता. घरात नवऱ्याचाही व्यवसाय असला की तिच्या नावे आलेले भांडवल तिकडे वळत होते. म्हणजे भांडवल वाया गेले नव्हते, त्याचा नफा दुसऱ्याच्या वहीत दिसत होता.

संस्थांमध्येही याच चालीने कारभार होतो. महिला विभागप्रमुखाच्या नावे निधी मंजूर होतो आणि पंधरवड्यात वरिष्ठ म्हणतात, “तुमच्या निधीत शिल्लक आहेच, तेवढे सभागृहाच्या रंगकामाचे बघून घ्या.” नकार देणे तिला परवडत नाही. त्यामुळे आडवाट यांच्या प्रस्तावात निधीला कुंपण हवे, अन्यथा तो देऊनही न दिल्यासारखाच.

तिरपी रेघ

प्रश्न विचारणाऱ्यांबद्दलही बोलायला हवे. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या नवउद्योग स्पर्धेत गुंतवणूकदार आणि संस्थापक यांच्यात झालेली प्रश्नोत्तरे संशोधकांनी तपासली. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रश्न वाढीचे होते: बाजार किती मोठा होईल, पुढचा टप्पा कोणता. स्त्रियांना विचारलेल्यांपैकी जवळपास तितकेच प्रश्न बचावाचे होते: ग्राहक सोडून गेले तर काय, पैसे परत केव्हा मिळतील. गंमत अशी की, स्त्री गुंतवणूकदारही याला अपवाद नव्हत्या. बचावाच्या प्रश्नाला बचावाचेच उत्तर देणाऱ्यांना नंतर कमी भांडवल मिळाले आणि त्याच प्रश्नाचे उत्तर वाढीच्या दिशेने वळवणाऱ्यांना कितीतरी अधिक मिळाले.

हे वळवणे शिकता येते. ‘असलेले ग्राहक टिकवणार कसे?’ या प्रश्नावर ‘आम्ही सेवा उत्तम ठेवू’ असे म्हणण्याऐवजी ‘हे ग्राहक दुसऱ्या सेवेसाठी मागणी करू लागले आहेत, म्हणून पुढील वर्षी आम्ही तिथे उतरत आहोत’ असे म्हणता येते, अर्थात ते खरे असेल तर. रुग्णालयातील बाईंना आलेला ‘परतावा स्पष्ट करावा’ हा शेरा बचावाच्याच जातीचा आहे. तेव्हा एक सत्र या कौशल्यावर आणि एक सत्र खरेदी समितीच्या सदस्यांसाठी, अशी माझी सूचना आहे.

आडवाट

तिरपी रेघ, समितीसाठीचे सत्र मला मान्य आहे. पहिल्या सत्राबाबत एवढेच म्हणेन की, प्रश्न वाकडा विचारणार समिती आणि तो सरळ करण्याचे कष्ट पुन्हा बाईंचेच.

आता टोगोच्या प्रयोगाकडे येते. दुसरी बाजू यांनी दिलेले आकडे मला मान्य आहेत आणि माझ्या मते ते माझ्याच बाजूने उभे राहतात. ते दीड हजार लोक कोण होते? स्वतःच्या दुकानाचे, स्वतःच्या कामाचे मालक. वर्गात सुचलेली कल्पना घेऊन ते दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानात गेले, मालाची मांडणी बदलली, नवा पुरवठादार गाठला, आणि यासाठी त्यांना कोणत्याही समितीपुढे जावे लागले नाही. पुढाकाराचे प्रशिक्षण तिथे फळले, कारण निर्णयाचा अधिकार आधीपासून त्यांच्यापाशी होता. हेच प्रशिक्षण परिचारिका विभागाच्या प्रमुखाला दिले तर तिला अधिक कल्पना सुचतील, अधिक प्रस्ताव लिहिले जातील आणि अधिक शेरे परत येतील. मी क्रम बदलायला सांगत आहे, तो याचसाठी.

अखर्चित निधीबद्दलचे निरीक्षण बरोबर आहे. परंतु निधी अखर्चित का राहतो? खर्च केल्यावर लेखापरीक्षणात काय विचारले जाईल याची धास्ती असते म्हणून. ही धास्ती मनाचा दुबळेपणा नव्हे, तो अनुभवातून आलेला अंदाज आहे आणि बहुधा अचूक असतो.

दुसरी बाजू

टोगोबाबतचा आपला युक्तिवाद चोख आहे, तो मी स्वीकारते. मात्र त्याला एक मर्यादा आहे. अधिकार मिळेपर्यंत थांबणे हीच गोष्ट उद्योजकतेशी विसंगत आहे. उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून २००१ साली जी मांडणी केली, तिचा गाभा असा की, हे लोक अपेक्षित परताव्यापासून सुरुवात करत नाहीत. आपण कोण आहोत, आपल्याला काय येते, आपण कोणाला ओळखतो आणि किती तोटा सोसू शकतो, इथून ते निघतात. त्या बाईंनी परताव्याचा हिशेब मांडून समितीचाच खेळ समितीच्या मैदानावर खेळला. त्याऐवजी कार्यालयातील लिपिकाने दुपारी दोन तास वॉर्डात येऊन बसावे, एवढी तडजोड कार्यालय अधीक्षकांशी तोंडी करता आली असती. आठवडाभराच्या नोंदी हाती आल्या असत्या आणि मग प्रिंटर मागणे निराळ्या वजनाचे ठरले असते. ही रीत बहुतेकांना उपजत येत नाही. ती शिकवावी लागते आणि शिकवता येते.

आडवाट

तोंडी तडजोड फसली तर तिची लेखी चौकशी होते, हेही त्याच प्रशिक्षणात सांगाल ना?

पाणवठा

चर्चा अधिकार आणि प्रशिक्षण यांच्यातच फिरत आहे, म्हणून एक वेगळी नोंद करतो. अहमदाबादच्या ‘सेवा’ बँकेच्या, म्हणजे स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी बँकेच्या, ग्राहक स्त्रियांना दोन दिवसांचे व्यवसाय मार्गदर्शन देऊन त्याचा परिणाम तपासला गेला होता. काहींना एकटीने बोलावले, काहींना मैत्रिणीसह. मजकूर तोच, शिकवणारे तेच. व्यवसायावर परिणाम दिसला तो मैत्रिणीसह आलेल्यांवरच. चार महिन्यांनंतर त्यांनी व्यवसायासाठी कर्ज घेतलेले असण्याची शक्यता अधिक होती आणि त्यांच्या घरचे उत्पन्नही वाढलेले होते. ज्या स्त्रियांच्या बाहेर पडण्यावर समाजाची बंधने कडक होती, त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता.

दोन दिवसांची कार्यशाळा निरुपयोगी असते, हे आडवाट यांचे मत यामुळे थोडे सैल करावे लागेल, आणि पुढाकार हा एकट्या व्यक्तीचा गुण आहे, ही दुसरी बाजू यांची धारणाही. संस्थेतून एकाच अधिकाऱ्याला निवडून पाठवण्याची पद्धत बंद करावी. एकाच संस्थेतील दोघींना, शक्यतो वेगवेगळ्या विभागांतील, एकत्र पाठवावे. परिचारिका विभागाच्या प्रमुखाबरोबर लेखा विभागातील एखादी अधिकारी त्या कार्यशाळेत बसलेली असती, तर परताव्याचा हिशेब लेखा विभागाच्या भाषेत कसा मांडावा ते तिथेच ठरले असते.

जमाखर्च

पाणवठा यांची सूचना उत्तम आहे. आता निधीच्या आदेशात काय लिहिलेले असावे, हे मी मांडून पाहतो. खर्चाची कमाल मर्यादा आकड्यात दिलेली असावी आणि तिच्या आत कोणाचीही पूर्वमंजुरी लागू नये. त्या स्त्रीच्या लेखी संमतीविना त्यातील रक्कम अन्य कामाकडे वळवता येऊ नये. आणि मर्यादेच्या आत झालेला तोटा तिच्या वार्षिक मूल्यमापनात नोंदवला जाऊ नये.

दुसरी बाजू

पहिल्या दोन अटींना माझा पूर्ण पाठिंबा आहे. तिसरी मला मान्य नाही. ज्या तोट्याची कुठेच नोंद होत नाही त्यातून कोणी शिकत नाही, आणि असा निधी अनुदान होऊन बसतो. तोट्याची नोंद अवश्य व्हावी. मात्र तिच्या शेजारी दुसरा रकाना असावा: तोटा लक्षात आल्यावर काय थांबवले, काय बदलले आणि किती दिवसांत. गुण या दुसऱ्या रकान्याला द्यावेत.

आडवाट

दुसऱ्या रकान्याची कल्पना मला पटली. माझी अट एवढीच की, हा रकाना केवळ महिलांच्या कार्यक्रमापुरता न ठेवता सर्व विभागप्रमुखांच्या मूल्यमापन अर्जात एकाच वर्षी आणावा, आणि गेल्या पाच वर्षांत फसलेले, गुंडाळून ठेवलेले सगळे प्रकल्प त्यात आधी भरून घ्यावेत. ते अर्ज भरून आले की त्या बाईंचा प्रिंटरचा प्रस्ताव पुन्हा समितीपुढे ठेवू.