मदत हवी आहे : कोल्हापुरात सहलीच्या मुलांसाठी शोधखेळ

आमच्या शाळेची नववीची सहल कोल्हापुरात येणार असून, मुलांनी पाच-पाच जणांच्या गटांत कोडी सोडवत भवानी मंडप, बिनखांबी गणेश मंदिर, गुजरी ही सराफांची पेठ आणि राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले खासबाग मैदान स्वतः शोधावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. उत्तरे मोबाईलवर नव्हे, तर जागेवर निरखून मिळावीत. उदाहरणार्थ, खासबागेत शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कुस्ती कशी दिसते? प्रत्येक टप्प्यावर एक शिक्षक उभा राहीलच. तरीही महाद्वार रोडवरील गर्दीची काळजी वाटते. ती कोणत्या वेळी कमी असते आणि चप्पल लाईनमधील कोणते कारागीर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतील, हे स्थानिकांनी कृपया सांगावे.