भंडारदरा खोरे पावसाळ्यानंतरही पुन्हा पुन्हा जाण्याजोगे आहे का?

मयूर कॉलनी

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. घरात सत्तरी ओलांडलेली आई, आम्ही दोघे आणि आठवीत जाणारा मुलगा आहे. दर सुट्टीत नवे ठिकाण शोधत धावण्याऐवजी यंदा एकच खोरे निवडून तिथेच पावसाळ्यात, दिवाळीच्या सुट्टीत आणि मेच्या अखेरीस जावे, असा आमचा विचार आहे. चर्चेत भंडारदऱ्याचे नाव पुढे आले. मात्र ओळखीतले जे जे तिथे जाऊन आले आहेत ते बहुतेक पंधरा ऑगस्टच्या सुमारास गेलेले असल्याने त्यांच्याकडून धबधबे आणि वाहतूक कोंडी यांपलीकडे फारसे काही कळत नाही. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईला गड चढता येणार नाही. मुलाला मात्र कळसूबाई आणि सांदण दरी या दोन्हींची ओढ आहे. पाऊस ओसरल्यावर तिथे पाहण्यासारखे काय असते आणि कोणत्या महिन्यात कशाची अपेक्षा ठेवू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटमाथा

कशाची अपेक्षा ठेवू नये, तिथूनच सुरुवात करतो, कारण भंडारदऱ्याहून निराश होऊन परतणारे बहुतेक लोक चुकीच्या महिन्यात योग्य जागी गेलेले असतात. 1926 मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण, म्हणजेच भंडारदऱ्याचे धरण, मुळात प्रवरा नदीच्या कालव्यांवरील शेतीसाठी बांधले गेले. त्याची क्षमता 11 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडी वर आहे आणि पर्यटकांना जे दिसते त्यातले बरेचसे या पाण्याच्या हिशेबावर ठरते. धरणाच्या भिंतीशी असलेला अंब्रेला फॉल हा पावसाचा धबधबा नाही. धरणातून पाणी सोडले तरच तो वाहतो. त्यामुळे जुलैत धो धो पाऊस कोसळत असतानाही तो कोरडा दिसू शकतो. धरण बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये भरते आणि मग विसर्ग सुरू झाला की तो उघडतो. रंधा धबधब्याचे तसे नाही. त्याला कळसूबाईच्या बाजूने येणाऱ्या कृष्णवंती नदीचेही पाणी मिळत असल्याने तो आधीच वाहू लागतो. पण पावसाळा सरून विसर्ग थांबला की रंध्याचा कातळ उघडा पडतो. दिवाळीत तिथे खळाळ पाहायला जाणाऱ्यांना घोरपडादेवीचे दर्शन घेऊन परतावे लागते. मेमध्ये जलाशय तुडुंब दिसणार नाही, हेही गृहीत धरा, कारण तोवर कालव्यांची आवर्तने, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याच्या फेऱ्या, होऊन गेलेली असतात आणि काठचा चिखल उघडा पडलेला असतो.

आता काय असते ते सांगतो. माझ्या मते या खोऱ्याचा सर्वोत्तम काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा आहे आणि नेमका तोच आपल्या यादीत नाही. पाऊस उघडझाप करत असतो, डोंगर अजून हिरवे असतात, ओढे वाहत असतात, माळावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग पसरलेला असतो, भात पोटरीला आलेला असतो आणि धुके हटल्यामुळे अलंग, मदन, कुलंग ही दुर्गत्रयी व रतनगडाचे नेढे (कातळातले आरपार भोक) रस्त्यावरून डोळ्यांत भरते. ऑगस्टमध्ये यातले काहीही दिसत नाही. काचेपलीकडे नुसते पांढरे. नवरात्रात मात्र कळसूबाईवर यात्रा भरते, तेव्हा मुलाला शिखरावर न्यायचे असल्यास ते दिवस टाळावेत किंवा यात्रा अनुभवायची या तयारीनेच जावे.

आपल्या मातोश्रींसाठी जलाशयाभोवतीचा रस्ता हीच खरी सहल आहे. धरणाजवळच्या शेंडी गावाहून मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडीला जायचे, तिथून साम्रद, घाटघर आणि उडदावणे, पांजरे, मुरशेतमार्गे शेंडीला परत. गाडीतून न उतरताही दिवस सार्थकी लागतो. त्यांना उतरायचे झाल्यास रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर गाडीपासून अगदी जवळ आहे. मंदिरावरचे कोरीवकाम आणि शेजारची पुष्करणी यांना घाईघाईत दहा मिनिटे देऊ नयेत. प्रवरा उगम पावते तो रतनगड मंदिराच्या मागेच उभा आहे. घाटघरला रस्त्यालगतच कोकणकडा आहे. तिथून खाली कोकण दिसते. कडा उघडा असल्याने वाऱ्यापावसात कठड्याच्या पुढे कोणालाही जाऊ देऊ नये.

निशाचर

मे महिन्याच्या अखेरीस जाणार असाल तर ते काजव्यांसाठी, असे मी धरून चालतो. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांसारख्या झाडांवर काजवे लुकलुकू लागतात आणि मोसमी पावसाने जोर धरला की खेळ संपतो. त्यामुळे मेची अखेर आणि जूनचा पहिला पंधरवडा एवढाच काळ हाती असतो. लुकलुकणे ही नर काजव्याने मादीला घातलेली साद असते. तिथे गाडीचे दिवे किंवा मोबाइलचा विजेरीसारखा प्रकाश पडला की मीलन बिघडते, आणि अंडी, अळ्या जमिनीत व पालापाचोळ्यात असल्याने झाडाखालची पायदळणीही पुढच्या वर्षीच्या काजव्यांच्या मुळावर येते. वन विभाग या काळात प्रवेशशुल्क घेतो, वेळेचे निर्बंधही घालतो. ते त्रासदायक वाटले तरी मला रास्तच वाटतात. शनिवारी रात्री पांजरे-उडदावणेच्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिच्या उजेडात काजवे कमी आणि मागचे लाल दिवे जास्त दिसतात. मंगळवार-बुधवार निवडावा, स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा आणि आईंना एखाद्या झाडापासून थोडे दूर, खुर्ची टाकून बसवावे. डोळे अंधाराला सरावायला जरा वेळ द्यावा लागतो, तो दिल्यावर चालण्याची गरजच उरत नाही.

प्रवराकाठ

मी मूळचा अकोले तालुक्याचा, सध्या पुण्यात नोकरीला. वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, पण ऑगस्टमधील गर्दीला घाबरून पावसाळाच वगळावा, असा सूर निघू नये असे मला वाटते. घाटमाथ्यावर घाटघर-रतनवाडीकडे जो पाऊस पडतो त्याच्या कित्येक पटींनी कमी पाऊस अकोले-संगमनेर पट्ट्यात पडतो. एकाच तालुक्यात भाताची खाचरे आणि बाजरीची शेते दोन्ही दिसतात, हे पुण्याहून येताना वाटेत डोळ्यांसमोर घडते. जुलैच्या मधल्या आठवड्यात, सुट्टीचा दिवस टाळून आलात तर लावणी चालू असते आणि रस्ते मोकळे असतात.

सांदण दरीबाबत मात्र स्पष्ट सांगतो. पावसाळ्यात ती दरी म्हणजे पाण्याची वाट असते, तेव्हा तिथे जाणे जिवावर बेतू शकते. डिसेंबरनंतर जावे. दरीत दगडांवरून उतरत जावे लागते, मध्ये पाण्याचे डोह लागतात आणि ते महिन्यागणिक आटत जातात. साम्रदचा वाटाड्या घेऊन पहिल्या मोठ्या उतारापर्यंत जाऊन परत येणे आठवीतल्या मुलाला सहज जमेल. पुढे दोर लावून उतरण्याचा मार्ग अनुभवी संस्थेसोबतच करावा. कळसूबाई 1646 मीटर उंच, राज्यातले सर्वोच्च शिखर. बारी गावातून चढाई आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. हिवाळ्यातली पहाट त्यासाठी उत्तम, पण माथ्यावरचा वारा पुण्याच्या थंडीच्या मापाने मोजू नये.

डोंगरदऱ्यांखेरीज माणसांसाठीही यावे. कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांचे देशी बियाण्यांचे काम आहे. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आधी विचारून गेल्यास आईंना, शेतीत रस असल्यास, ती भेट धबधब्यापेक्षा जास्त भावेल. देवगाव हे राघोजी भांगरे यांचे गाव. इंग्रजांविरुद्ध बंड केल्याबद्दल त्यांना 1848 मध्ये ठाण्याला फाशी दिली गेली. आणि येता-जाता राजूरचे पेढे घेतल्याशिवाय आमच्या भागात कोणी घरी जात नाही.

मयूर कॉलनी

सर्वांचे मनापासून आभार. दिवाळीची सहल पुढे ढकलून जानेवारीत करू म्हणजे मुलाचे कळसूबाई आणि सांदण एकाच फेरीत होईल, आणि सप्टेंबरअखेरीचा एक शनिवार-रविवार फक्त आईसाठी ठेवू. जाण्याचा रस्ता आणि मुक्काम यांविषयी कोणी सांगू शकेल का? आईला सलग चार-पाच तास गाडीत बसवत नाही.

आळेफाटा

नाशिक महामार्गाने आळेफाटा, संगमनेर, मग अकोले, राजूर आणि शेंडी हा मार्ग सर्वांत सरळ आहे. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते आणि थांबे धरून पाच तासांहून अधिक लागू शकतात, तेव्हा चाकणची कोंडी सुरू होण्यापूर्वी, सहाच्या आत पुणे सोडावे. संगमनेरच्या अलीकडे बोटा गावाहून ब्राह्मणवाडा, कोतूळमार्गे राजूरला जाणारा रस्ता अंतराने कमी आहे, परंतु वळणे आणि खड्डे पाहता गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला घेऊन मी तो घेणार नाही. पहिला थांबा नारायणगावला, दुसरा संगमनेरला करावा. मुक्कामासाठी शेंडीला पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान जलाशयाकाठी आहे; गावांतली घरगुती सोयही चांगली असते, मात्र आरक्षण करताना खोली तळमजल्यावर आहे का आणि शौचालय खोलीला लागून व कमोडचे आहे का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारून घ्यावेत. इंधन राजूरच्या आधीच भरावे आणि रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण घाटघरच्या बाजूला मोबाइलची रेंज बेभरवशाची आहे आणि त्यावर अवलंबून असलेले पैसे देण्याचे मार्गही.