मदत हवी आहे: लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचे पॅक कडाक्याच्या थंडीत ठेवायचे कुठे, गराजमध्ये की घरात?

मंडळी, जरा घाईत आहे. शनिवारपासून पारा उणे २५ च्या खाली जाणार आहे, त्याआधी हे मार्गी लावायचंय.

आम्ही कॅनडात कॅलगरीला राहतो. मी तीन वर्षांपासून रिमोटची विमानं उडवतो. ३ सेलचे २२०० एमएएच क्षमतेचे सहा पॅक आहेत, शिवाय छोट्या ड्रोनचे ४ सेलचे चार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मैदानावर जायचं म्हणून आदल्या रात्री सगळे फुल चार्ज केले, आणि सकाळी पाहतो तर सगळीकडे बर्फ. विमानं भिंतीवर टांगली, पॅक मात्र गराजच्या फळीवर तसेच राहिले.

काल, दीड महिन्याने, हातात घेतले तर २२०० चा एक फुगलेला. एरवी विटेसारखा सपाट, टणक असतो. हा अंगठ्याने दाबला तर मधोमध उशीसारखा आत जात होता आणि वरचं प्लॅस्टिक ताणून चकाकत होतं. बाकीचे मीटरवर पाहिले, सेलमागे ४.१६ ते ४.१८ व्होल्ट. म्हणजे इतके दिवस सगळे भरलेलेच होते. रात्री झोप लागली नाही, कारण मुलीची खोली बरोबर गराजच्या वर आहे.

घरात आणावेत तर जागा फक्त बेसमेंटमध्ये, आणि तिथे फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी. गराजला हीटर नाही. त्यात इथला चिनूक, हिवाळ्यात अचानक येणारा गरम वारा! सकाळी उणे १८ असतं आणि दुपारी बर्फ वितळायला लागतं. मागच्या वेळी गराजमधल्या पान्यांवर अक्षरशः दव साचलं होतं. पॅकच्या कनेक्टरवरही तसंच होत असणार. आणि फुगलेल्याचं काय करू? मिठाच्या पाण्यात बुडव असं एकाने सांगितलं, पण मन धजत नाही.

प्रतिसाद

घाबरू नका, पण तो फुगलेला आजच्या आज घराबाहेर काढा. मिठाच्या पाण्याच्या भानगडीत पडू नका. त्यात बऱ्याचदा तारांची टोकंच आधी गंजून तुटतात, चार्ज आत तसाच राहतो आणि आपल्याला वाटतं पॅक मेला. पॅक अंगणात, घरापासून लांब, काँक्रीटवर ठेवा आणि गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब जोडून पूर्ण उतरवा. मग कनेक्टरला टेप लावून घातक कचरा घेतात त्या केंद्रावर द्या. टोचायचा नाही, घरच्या कचऱ्यात टाकायचा नाही.

बाकीच्यांना थंडीपेक्षा फुल चार्जने जास्त त्रास होतो. सेल ४.२ व्होल्टच्या आसपास पडून राहिला की आतलं रसायन हळूहळू बिघडतं, वायू होतो आणि पॅक फुगतो. चार्जर स्टोरेज मोडवर टाका, सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणा. साधा चार्जर ५ वॅटने उतरवतो, त्यामुळे २२०० च्या एका पॅकला दोन-अडीच तास धरा, आणि तेवढा वेळ समोर बसा.

जागा बेसमेंटचीच घ्या. फर्नेस आणि वॉटर हीटरपासून दूरचा कोपरा, खाली काँक्रीट, आजूबाजूला खोके-कपडे नकोत, वर स्मोक अलार्म. पत्र्याची पेटी वापरलीत तर झाकणाचं रबर काढून टाका. हवाबंद पेटीत वायू कोंडला तर तीच फुटते.

आणि एक गोष्ट जिवापाड पाळा: शून्याखालच्या पॅकला चार्ज लावायचा नाही. थंडीत चार्ज करताना लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटच्या आत शिरत नाही, वर धातूचा थर धरतं. बाहेरून काही दिसत नाही, पण शॉर्टचं बीज तिथेच पडतं. पॅक थंडीतून आत आणताना बाहेरच झिप पिशवीत बंद करा आणि तीन-चार तासांनी उघडा, म्हणजे दव पिशवीवर धरेल, कनेक्टरवर नाही. वरून कोमट लागला तरी आत गार असतो, म्हणून हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

धागाकर्ता

खूप खूप आभार! रबर काढायचं मला सुचलंच नसतं. चार पॅक ३.८४ वर आले, पाचवा चार्जरवर आहे. फुगलेला अंगणात बल्बला जोडलाय. आता बल्ब नुसता तांबूस दिसतोय, मी खिडकीतून लक्ष ठेवून आहे.

एकच विचारायचं राहिलं. चिनूकच्या दिवशी पाच-सहा अंशांत विमान उडवायचं झालं तर पॅक जॅकेटच्या आत ठेवून मैदानापर्यंत नेलेला पुरतो का, की गरम पेटी घ्यावीच लागते? इथे थंडीत उडवणारं कोणी असेल तर कृपया सांगा.