बोटीचे इंजिन समुद्राच्या पाण्याबरोबर हवा ओढते आहे : सल्ला हवा

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमची शिडाची बोट पावसाळाभर काठावर होती आणि आता पुन्हा गेटवेसमोर नांगरली आहे. मांडव्याच्या दिशेने इंजिनवर निघून इंजिनचे फेरे वाढवले की, इंजिन थंड ठेवायला ओढलेले समुद्राचे पाणी गाळणाऱ्या गाळणीच्या पारदर्शक भांड्यात बुडबुड्यांची रांग लागते, एक्झॉस्टमधून पाणी थांबून थांबून पडते आणि तापमानाचा काटा वर सरकतो. इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे चाक) नवा आहे, पाणी घेणाऱ्या तोंडाशी प्लॅस्टिक अडकलेले नाही आणि सगळे सांधे बाहेरून कोरडे ठणठणीत आहेत. मग हवा शिरते कुठून?

प्रतिसाद १

सांधे कोरडे आहेत म्हणून ते घट्ट आहेत असे कृपया समजू नका. इंजिन चालू असताना सी-कॉकपासून (बोटीच्या तळातून पाणी आत घेणाऱ्या झडपेपासून) पंपापर्यंतच्या भागातून पाणी ओढले जात असते, त्यामुळे तिथल्या फटीतून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. फट जलरेषेखाली असेल तर इंजिन बंद केल्यावर ती निदान ठिबकते. गाळणी जलरेषेच्या वर असेल तर तेवढाही पुरावा मिळत नाही.

बुडबुडे गाळणीतच दिसतात, ही मोलाची खूण आहे. पंपाचे झाकण आणि शाफ्टचे सील गाळणीच्या पुढे असल्याने तिथून शिरलेली हवा भांड्यात दिसली नसती. म्हणजे संशय उरतो तो गाळणीच्या झाकणावर आणि तिच्याकडे येणाऱ्या नळीवर.

सी-कॉक बंद करा, गाळणीतून पंपाकडे जाणारी नळी पंपापाशी सोडवून तिचे टोक गाळणीच्या मीटरभर वर धरा आणि नरसाळ्याने सावकाश पाणी भरा. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे ०.१ बार असतो, आणि फट उघडी पडायला तो बहुधा पुरतो. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवल्यास एक थेंबही लपत नाही.

माझा पहिला संशय झाकणाच्या ओ-रिंगवर (झाकण हवाबंद करणाऱ्या रबरी कड्यावर) आहे. महिनोन्महिने कोरडी पडलेली रिंग बोटांत फिरवून पाहा. ती एका बाजूने चपटी झालेली असेल किंवा खाचेत गाळाचा कण अडकलेला असेल, तर झाकण कितीही आवळले तरी हवा शिरतच राहते. खाच पुसून नवी रिंग सिलिकॉन ग्रीस लावून बसवा. पेट्रोलियम जेली नको, काही जातींचे रबर तिने फुगते.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. नळी बदलावी लागली तर कोणती घ्यावी?

प्रतिसाद २

आत तारेचे वेटोळे असलेली, समुद्री वापराची जाड नळीच घ्या, कारण साधी नळी ओढीने आत दबते. प्रत्येक टोकाला स्टेनलेस स्टीलच्या दोन क्लिपा लावा आणि त्यांचे स्क्रू परस्परविरुद्ध बाजूंना ठेवा. पारदर्शक नळी शोधकामापुरतीच लावावी, कायमची नको.

खर्च करण्याआधी एक गोष्ट मात्र तपासा. शीड आणि इंजिन एकाच वेळी चालू असताना बोट एका विशिष्ट बाजूला कलली तरच बुडबुडे येतात का? तसे असेल तर पाणी घेणारे तोंडच पाण्याबाहेर येत असण्याची शक्यता आहे, आणि मग एकही सांधा उघडण्याची गरज नाही.