शिस्त हवीच, पण बोर्डिंगमधल्या पोरांकडे चोर म्हणून बघायचं का?

परळची_आई
मुलगा आठवीत, पाचगणीला बोर्डिंगमध्ये. पहाटेची पीटी, संध्याकाळची प्रेप म्हणजे सक्तीचा अभ्यास, नऊला दिवे बंद, मोबाइल नाही. हे सगळं प्रवेश घेतानाच मान्य केलं होतं, आजही तक्रार नाही. मध्यंतरी डॉर्ममध्ये कुणाचे तरी पैसे गेले. सगळ्यांच्या ट्रंका उघडल्या, गाद्या उलटल्या, फराळाचे डबेसुद्धा पालथे केले. इथवर ठीक. पण माझ्या मुलाला आणि आणखी एकाला वेगळं काढून व्हरांड्यात तास-दीड तास उभं केलं. का, तर "हे दोघं हल्ली गप्प गप्प असतात." पैसे शेवटी ज्याचे त्याच्याच स्वेटरच्या खिशात निघाले. या दोघांना मात्र कुणी "चुकलं आमचं" म्हणालं नाही. आता रविवारच्या फोनवर तो फक्त "हो", "बरंय" एवढंच बोलतो. फोन स्पीकरवर, वॉर्डन शेजारी! नियम सगळ्यांना सारखा असतो, संशय ठरावीक पोरांवरच जातो. मला हे अजिबात पटलेलं नाही.

निवृत्त_रेक्टर_बोरिवली
ताई, उभं करणं चूकच. पण रात्री साठ पोरं एका माणसाच्या भरवशावर असतात. एखादं भिंतीवरून उडी मारून बाजारात गेलं, मोठ्यांनी लहानग्याला बदडलं, तर पालक आधी आमचीच गचांडी धरतात. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर २०२४ मध्ये सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले, ते पालकांच्या संतापामुळेच ना? आणि गप्प मुलाकडे लक्ष जायलाच हवं. माझ्याकडे रॅगिंग उघडकीला आलं ते अशाच एका गप्प पोरामुळे.

दादरकर
सर, गप्प पोराला जवळ बसवून विचारायचं की चारचौघांत उभं करायचं? ज्याच्यावर एकदा आळ आला, तो उद्या खरंच मार खाल्ला तरी तुमच्याकडे येणार नाही.

माजी_बोर्डर_मुलुंड
मी दहावीपर्यंत हॉस्टेलात होतो, झडत्या आम्हीही सोसल्या. इथे मुंबईत आई-बाप सकाळची लोकल पकडतात ते रात्रीच घरी येतात. पोरगं दिवसभर मोबाइलवर काय बघतं, कुणाला माहीत? तिथे निदान कुणाचं तरी लक्ष असतं. एवढं मनाला लावून घेऊ नका.

ठाण्याची_वकील
मनाला लावून घेण्यासारखंच आहे हे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलाला पाठ करून द्या.

परळची_आई
लेखी देतेय. झडती घ्यायचीच तर दोन शिक्षकांनी, मुलाच्या समोर. आळ खोटा ठरला तर ज्यांच्यासमोर उभं केलं, त्यांच्यासमोरच तसं सांगायचं. आणि आठवड्यातून दहा मिनिटं फोनवर एकट्याने बोलू द्यायचं.

निवृत्त_रेक्टर_बोरिवली
पहिल्या दोन्हींना माझी सही आहे असं समजा. फोनचं नाही पटत. घरच्या आठवणीने पोरं फोन ठेवल्या ठेवल्या ढसाढसा रडतात, तेव्हा जवळ कुणीतरी हवं.

परळची_आई
मग मेट्रननी, म्हणजे मुलांची देखभाल करणाऱ्या बाईंनी, दाराबाहेर थांबावं, फोन ठेवल्यावर आत यावं. पण स्पीकर बंद. पुढच्या पालकसभेत हा मुद्दा मी सोडणार नाही.